तीन प्रश्नचिन्हे

बंद पडणे आणि सुरूच न होणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. घाटात ट्रक बंद पडला तर त्याच्याभोवती चार माणसे जमतात. कुणी पाण्याची बाटली पुढे करतो, कुणी चाकाला दगड लावतो. ट्रक इथवर चढून आला आहे हे सर्वांना दिसत असते. जी वस्तू सुरूच होत नाही तिच्या वाट्याला ही सहानुभूती येत नाही. तिच्याविषयी लोक लगेच दोन तर्क करतात. एक तर ती वस्तू खोटी आहे, नाहीतर ती वापरणारा अडाणी आहे. आमच्या घरी २०२५ च्या मे महिन्यात असा एक कार्यक्रम आला. कार्यक्रम म्हणजे सत्यनारायण किंवा मुंज नव्हे. संगणकाचा कार्यक्रम, ज्याला आपण सगळे सरळ प्रोग्रॅम म्हणतो. तो सुरू होत नव्हता, आणि वरचे दोन्ही तर्क घरातल्या मंडळींनी पहिल्या पाच मिनिटांत करून टाकले.

थोडी हकीकत सांगितली पाहिजे. माझा धाकटा भाऊ तेरा वर्षांचा. मेच्या पहिल्याच आठवड्यात त्याचा पाय मोडला. आंब्याचे दिवस आणि मोडलेला पाय म्हटल्यावर जो तो ‘कुठल्या कलमावरून पडला?’ असे विचारी. प्रत्यक्षात तो पडला घरामागच्या चिऱ्याच्या तीन पायऱ्यांवरून, आणि तोही रिकाम्या हाताने. सहा आठवड्यांचे प्लास्टर. मारुती मंदिराजवळचे स्टेडियम बंद, भाट्याची वाळू बंद, आजोळच्या विहिरीवरचे पोहणे बंद. उरले टीव्हीवरचे क्रिकेट; तर ९ मे रोजी आय.पी.एल.चे सामने आठवडाभरासाठी स्थगित झाले. सीमेवर तेव्हा जे चालले होते त्यापुढे क्रिकेटची कथा ती काय, हे त्यालाही कळत होते. पण कळले म्हणून वेळ जातो असे थोडेच आहे! सामने होत नाहीत तर ते आपण खेळवायचे, असे त्याने ठरवले.

आमच्याकडे मामाने फार पूर्वी घेतलेली ‘क्रिकेट ०७’ ची तबकडी होती. माझ्या वाचकांपैकी निम्म्यांच्या थोरल्या भावंडांनी तरी हा खेळ एखाद्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळलेला असेल. नोव्हेंबर २००६ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने तो बाजारात आणला. घडवला होता कॅनडातील एचबी स्टुडिओज या मंडळींनी. त्या मालिकेत पुढचा खेळ आलाच नाही. इकडे आय.पी.एल. सुरू झाली एप्रिल २००८ मध्ये. म्हणजे चेन्नई, मुंबई, बंगळूरचे संघ या खेळाच्या स्वप्नातही नाहीत. शिवाय परवान्याच्या भानगडीमुळे इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू तेवढे खऱ्या नावांनी उतरतात. बाकीच्या देशांचे, आपलेसुद्धा, ओळखू येतील न येतील अशा मोडक्यातोडक्या नावांनी.

तरीही हा खेळ मेला नाही. हौशी मुलांनी त्याला वर्षानुवर्षे ठिगळे लावली. पॅच या इंग्रजी शब्दाला ठिगळ हा आपला शब्द अगदी नेमका बसतो. तोही मूळचा उपमेचा शब्द नाही. १९४४ साली अमेरिकेत हार्वर्ड मार्क वन हे यंत्र चालू झाले, त्याला हुकूम देत ते भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. एखादे भोक चुकीच्या जागी पडले की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. तेव्हा ठिगळ खरोखरच ठिगळ होते. आताची ठिगळे डोळ्यांना दिसत नाहीत, पण काम तेच. या मुलांनी आधी नावे दुरुस्त केली, मग कपडे बदलले, मग मैदाने, बॅटीवरच्या जाहिराती, धावफलक. पदरचा वेळ घालवून, कुणी पैसे न देता. नाव चुकीचे लागले तर माणसाला किती खुपते, याचा एवढा मोठा पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

असेच एक ताजे, दहा संघांचे ठिगळ भावाच्या गोखले नाक्यावरच्या मित्राने पेनड्राइव्हवर आणून दिले. ते लावून देणारा एक लहानसा प्रोग्रॅम असतो. सगळ्या नव्या फायली तो पोटात घेऊनच येतो. सुरू केला की प्रथम त्या एका तात्पुरत्या जागी मोकळ्या करतो आणि मग खेळातली एकेक जुनी फाईल काढून तिथे नवी बसवतो. मूळ खेळ आमच्या संगणकावर व्यवस्थित चालत होता. ठिगळ लावणारा प्रोग्रॅम तेवढा चालत नव्हता. त्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की बाणाशेजारी निळे वर्तुळ फिरे, थांबे, आणि संपले. खिडकी नाही, तक्रार नाही, ‘क्षमस्व’ नाही.

सल्लागारांना तोटा नव्हता. पुण्याला संगणकाच्याच नोकरीत असलेल्या चुलतभावाने फोनवर एका वाक्यात निकाल दिला, “सगळं फॉरमॅट मार, नव्याने टाक.” डॉक्टरने नाडी न बघता ‘दुसरा जन्म घ्या’ म्हणावे त्यातला हा प्रकार. आई म्हणाली, पेनड्राइव्ह बाहेरून आलाय, आधी पुसून घ्या. आजी म्हणाली, “तापला असेल गो, जरा वारा लागू दे त्याला.” आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून म्हणाला, “ताई, तुझ्या हाताला यशच नाही.”

माझा विषय मराठी. परंतु आम्हाला पाठचिकित्सा शिकवताना सर जे सांगत असत ते मला इथे उपयोगी पडले. पोथीतला एखादा शब्द लागत नसेल तर लगेच कल्पनेने तो बदलू नका; आधी प्रती गोळा करा, ताडून पाहा, कुठे फरक पडतो ते शोधा. मी तसेच केले.

पहिली शंका प्रतीबद्दल. मित्राकडची फाईल आणि आमची फाईल एकच आहे ना? आकार सारखा होता, पण आकारावर विश्वास ठेवता येत नाही. प्रत्येक फाईलचा एक अंकाक्षरी ठसा काढता येतो. मजकुरात एक टिंब बदलले तरी सगळा ठसा बदलतो. त्यासाठीची आज्ञा विंडोजमध्येच असते. भावाच्या मित्राने फोनवरून त्याच्याकडची चौसष्ट चिन्हे वाचून दाखवली आणि मी कागदावर ताडून पाहिली. दोघांनाही कंटाळा आला, पण ठसे जुळले. मग शंका पहारेकऱ्याची. विषाणू शोधणारे प्रोग्रॅम अशा ठिगळांकडे नेहमीच संशयाने पाहतात, कारण दुसऱ्याच्या फायलीत हात घालणे हेच ठिगळाचे काम आणि चोराचेही. पकडून ठेवलेल्या मालाची यादी उघडून पाहिली. रिकामी होती. मग अधिकाराची शंका. २००७ साली विंडोज व्हिस्टा आले तेव्हापासून साध्या प्रोग्रॅमला मुख्य भांडारात थेट लिहिता येत नाही. घरमालकाची परवानगी लागते. जुनी ठिगळे इथे हटकून अडखळतात. परवानगी दिली. पुन्हा निळे वर्तुळ, पुन्हा शांतता. जुन्या आवृत्तीची सोंगे घेऊन पाहिली. हे खेळ ज्यांच्या खांद्यावर उभे असतात ती साहाय्यक भांडारे, डायरेक्टएक्स नऊ आणि तिची भावंडे, नव्याने बसवली. या उद्योगात तीन दिवस गेले, कारण आमची वीज संध्याकाळी पाच ते सात या वेळात आपल्या मर्जीने येतजात होती.

एवढे झाल्यावर एक गोष्ट मात्र हाती लागली. संगणकात कोणकोण चालू आहे याची हजेरी दाखवणारा एक फलक असतो, टास्क मॅनेजर. तो उघडा ठेवून मी टिचकी मारली. आमच्या प्रोग्रॅमचे नाव यादीत उमटले आणि सेकंदभरात पुसले गेले. म्हणजे तो सुरू होत होता! दारापर्यंत येत होता, आत काहीतरी पाहत होता आणि उलट्या पावली परत जात होता. आता प्रश्न बदलला. ‘का येत नाही?’ हा प्रश्न सोडून ‘काय पाहून परत जातो?’ हा प्रश्न धरायचा होता.

तेच पेनड्राइव्ह घेऊन भावाचा मित्र आमच्या शेजाऱ्यांकडे गेला. तिथे तो पहिल्या टिचकीला सुरू झाला. आमच्या घरी मात्र नाही. दरम्यान १७ मे रोजी खरे सामने पुन्हा सुरू झाले. भाऊ संध्याकाळी ते पाहू लागला, आणि त्याची घाई अर्धी कमी झाली. माझी वाढली होती.

उत्तर सापडले ते पेनड्राइव्हवरच. प्रोग्रॅमशेजारी एक चिमुकली मजकुराची फाईल होती. ती मित्राने दिलेली नव्हती; आमच्याकडे आल्यावर जन्मली होती. बहुतेक प्रोग्रॅमांना आपली रोजनिशी लिहायची खोड असते आणि ती कुणी वाचत नाही. मी उघडली. जितक्या वेळा टिचकी मारली होती तितक्या वेळा तीच ओळ. अमुक ठिकाणी तात्पुरती जागा करता आली नाही, एवढाच तिचा अर्थ. आणि पुढे त्या ठिकाणाचा पत्ता. ‘सी’ हा कप्पा, त्यात ‘यूजर्स’, त्यात ???, त्यात ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘टेंप’.

पत्त्यात जिथे घरमालकाचे नाव हवे तिथे तीन प्रश्नचिन्हे होती. आमच्या संगणकाच्या घरमालकाचे नाव आहे ‘आबा’.

आबा म्हणजे माझे आजोबा. खाडीपलीकडच्या प्राथमिक शाळांत चौतीस वर्षे मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक वही सुरू केली. आपल्याकडचे जे शब्द आता कुणी बोलत नाही, किंवा बोलले तर पोरे हसतात, ते अर्थासह त्यात उतरवायचे. गडगा, वई, साकव, पऱ्या, मांगर, कुणगा, इरले, अढी. वह्या तीन झाल्या, वाळवीने एक खाल्ली, तेव्हा मुंबईच्या काकांनी आपला जुना संगणक आणून दिला. तो प्रथम मांडला त्या दिवशी यंत्राने विचारले, ‘हा संगणक कोण वापरणार?’ काका इंग्रजीत टंकू लागले तर आबा म्हणाले, “थांब, मला विचारलंय ना त्याने?” इनस्क्रिप्टच्या कळांचा छापील तक्ता मांडीवर घेऊन त्यांनी एका बोटाने ती दोन अक्षरे उमटवली. यंत्रावर त्यांनी लिहिलेला हा पहिला शब्द. त्यानंतर अकराशेंच्या वर शब्द त्यांनी त्याच एका बोटाने आत घातले आहेत. (सुदैवाने काकांनी आबांचे लेखन पहिल्यापासून ‘डी’ या वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची सोय केली होती. खेळही आपली टिपणे तिथेच ठेवतो, म्हणून तो कधी अडला नव्हता.)

अक्षरे दोन, मग प्रश्नचिन्हे तीन का? कारण संगणकाच्या लेखी ‘आबा’ मध्ये तीन चिन्हे आहेत. आ, ब, आणि ब ला लागलेला काना. काना तो स्वतंत्र मोजतो. आपल्या व्याकरणाशी हे फारसे विसंगत नाही, पण आबांना ते मुळीच पटले नाही.

आता प्रश्नचिन्हे आली कुठून? जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमांना एका वेळी २५६ घरांचाच तक्ता वाचता येतो. इंग्रजी आणि पश्चिम युरोपातल्या भाषांचा एक तक्ता, रशियनचा दुसरा, ग्रीकचा तिसरा. अरबी, हिब्रू, थाई यांचेही आहेत. देवनागरीचा असा तक्ता विंडोजमध्ये नाही. आपली लिपी तिथे आली ती विंडोज २००० मध्ये, तोपर्यंत युनिकोड ही सर्व लिप्यांची एकच मोठी यादी तयार झाली होती, तेव्हा आपल्याला थेट त्या यादीतच बसवले. उशिरा येणाऱ्याला नव्या इमारतीत जागा मिळते तसे. तिथे देवनागरीला १२८ घरे आहेत आणि त्यांची मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावर बेतलेली आहे. त्या वेळच्या विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक तर आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. म्हणजे नव्या इमारतीत आपली काही गैरसोय नाही. परंतु जो प्रोग्रॅम जुन्या तक्त्याने वाचतो त्याला ‘आ’ सापडत नाही, आणि जे सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचे असा रिवाज आहे. त्यात गंमत अशी की, विंडोजमध्ये फायलीच्या किंवा जागेच्या नावात नऊ चिन्हे मुळीच चालत नाहीत, आणि प्रश्नचिन्ह हे त्यांतले एक. तेव्हा आमच्या प्रोग्रॅमने आबांचे नाव वाचायचा प्रयत्न केला, वाचता आले नाही म्हणून तीन प्रश्नचिन्हे लिहिली, आणि त्या नावाचा पत्ता असूच शकत नाही असे कळल्यावर निमूटपणे निघून गेला.

यंत्राला आपली अक्षरे जड जातात ही तक्रार आपल्या गावाला नवीन नाही. सावरकर १९२४ ते १९३७ पर्यंत इथे स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी लिपिसुधारणेचा पुरस्कार केला तो याच कारणाने. छपाईला आणि टंकलेखनाला खिळे कमी लागावेत म्हणून इ-उ ऐवजी अि-अु लिहावे, असे त्यांचे म्हणणे. जुन्या मासिकांत तसे छापलेले अजून पाहायला मिळते. तेव्हा यंत्राला सोसेल अशी लिपी करावी असा विचार होता. पुढे काळ बदलला, यंत्रेच लिपीला सोसतील अशी झाली, आणि इ-उ वाचले. आपल्या कॉलेजातल्या ज्यांनी एका टंकातला मराठी मजकूर दुसऱ्या टंकात उघडून त्याचे झालेले कडबोळे पाहिले आहे, त्यांना या मधल्या काळाचे हाल वेगळे सांगायला नकोत.

निदान पक्के करण्यासाठी मी संगणकावर इंग्रजी अक्षरांत एक नवे खाते उघडले, वाटेल ती तीन अक्षरे घालून. त्या खात्यातून टिचकी मारली. प्रोग्रॅम सुरू झाला. खिडकी उघडली, दहाही संघांची निशाणे झळकली. भाऊ स्टुलावरून पाय काढून उठायला निघाला. त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता आणि खरे म्हणजे कुणाच्याही दृष्टीने सुटला होता. त्याने त्या खात्यात खेळावे, आबांनी आपल्या खात्यात लिहावे.

पण आबा मागे येऊन उभे होते. मी भावाला समजावून सांगत होते ते सगळे त्यांनी ऐकले होते.

“म्हणजे माझ्या नावाने अडलं होय?” त्यांनी विचारले.

“तुमच्या नावाने नाही आबा, त्याला वाचता येत नाही म्हणून.”

“तेच ते. मग बदलून टाक की. दोन ए, बी, ए. पोराला उगाच दोन-दोन दारं कशाला?”

त्यांनी हे अगदी सहज म्हटले. पगारपत्रकावर, पेन्शनच्या कागदावर, बँकेच्या पुस्तकावर त्यांचे नाव इंग्रजीतच आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे स्पेलिंग निराळे आहे. त्याचे त्यांना कधी काही वाटल्याचे आठवत नाही. पण मास्तर असताना हजेरीपटावर पोराचे नाव घरी म्हणतात ते न लिहिता पुरे आणि शुद्ध लिहायचे, आणि पुकारताना तसेच पुकारायचे, हा त्यांचा शिरस्ता होता असे त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. त्याच माणसाने आपले नाव इतक्या चटकन काढून द्यावे, हे मला सोसले नाही. त्यांनी थोडी कुरकूर केली असती तर मी कदाचित बदललेही असते.

मी म्हटले, “बदलून उपयोग नाही.” आणि हे खरेच होते. खात्याचे नाव बदलले तर दारावरची पाटी बदलते. आतल्या कप्प्यावरचे नाव पहिल्या दिवशी पडलेलेच राहते. ते बदलायचे म्हणजे यंत्राच्या मूळ नोंदवहीत हात घालायचा, आणि तिथे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर खाते उघडतच नाही. अकराशे शब्दांच्या शेजारी हा प्रयोग करण्याची माझी तयारी नव्हती. आबांनी मान डोलावली. पण जाता जाता म्हणाले, “मग त्या दिवशी मुंबईकराचंच ऐकायला हवं होतं.”

हे वाक्य राहून राहून ऐकू येऊ लागले. भाऊ नव्या खात्यात खेळायला बसू पाहत होता. मी त्याला बसू दिले नाही. तो म्हणाला, हा शुद्ध अन्याय आहे. असेलही.

दोन वाटा दिसत होत्या. २०१८ पासून विंडोज १० मध्ये एक सोय आहे. साऱ्या जुन्या प्रोग्रॅमांना नव्या यादीचे डोळे देऊन टाकायचे. ती निवडली की बरेचसे अडलेले गाडे सुटते. पण ती सोय अजून कच्ची आहे असे तिच्याच पाटीवर लिहिलेले असते, आणि ती एका प्रोग्रॅमपुरती नसून साऱ्या यंत्राला लागू होते. ती वाट मी सोडली. दुसरी वाट अगदी साधी होती. प्रोग्रॅमला तात्पुरती जागा हवी आहे ना? मग ती आबांच्या कप्प्यातच कशाला हवी? ही जागा कुठे आहे ते यंत्र प्रत्येक प्रोग्रॅमला एका चिठ्ठीवर लिहून देते. ‘टेंप’ आणि ‘टीएमपी’ अशी दोन नावे आहेत चिठ्ठ्यांची. त्या बदलता येतात, आणि काळ्या खिडकीत बदलल्या तर तेवढ्या खिडकीपुरत्याच. खिडकी बंद केली की मागचे सगळे जसेच्या तसे.

२५ मेला सकाळपासून पाऊस कोसळत होता. त्या वर्षी मोसमी पाऊस कोकणात त्याच दिवशी दाखल झाला, रिवाजापेक्षा दहाबारा दिवस आधी. बागायतदार हवालदिल झाले होते आणि आमच्या माळ्यावरची शेवटची अढी आई घाईघाईने उपसत होती. वीज दुपारी तीनला आली. मी ‘सी’ मध्ये एक रिकामा कप्पा केला, त्याला ‘टी’ एवढेच नाव दिले. काळी खिडकी उघडली, आबांच्याच खात्यातून. एका ओळीत पहिली चिठ्ठी, दुसरीत दुसरी, तिसऱ्या ओळीत त्या प्रोग्रॅमचे नाव. कळ दाबली.

निळे वर्तुळ फिरले. थांबले. आणि खिडकी उघडली.

आठ मिनिटे हिरवी पट्टी सरकत होती. तेवढ्या वेळात वीज जाऊ नये म्हणून आजीने देवापुढे निरांजन लावले. ते निरांजन विजेसाठी होते की भावासाठी, हे तिने सांगितले नाही. काम झाल्यावर मी रोजनिशीची फाईल उघडली. जुन्या ओळी तशाच होत्या, तीन-तीन प्रश्नचिन्हांच्या, आणि त्यांच्याखाली एक लांबलचक नवी नोंद, आडकाठीशिवाय. चाचणीसाठी उघडलेले खाते मी पुसून टाकले.

आबांना बोलावून दाखवले, की नाव तेच आहे आणि प्रोग्रॅम चाललाय. त्यांनी चष्मा पुसून पडद्यावर वरच्या कोपऱ्यातले आपले नाव पाहिले. मग विचारले, “ठिगळ लावायला लागली तेवढी जागा आता रिकामी केलीस का? नाहीतर आत कचरा साठेल.” मी ‘टी’ कप्पा रिकामा केला.

ठिगळासोबत आलेल्या माहितीपत्रकात ते बनवणाऱ्याचा ई-मेल पत्ता होता. त्याला मी सविस्तर पत्र लिहिले. दोष कुठे आहे, कसा सापडला, आणि त्याने फायली मोकळ्या करण्यासाठी खेळाच्या स्वतःच्या कप्प्यातली जागा वापरली तर मराठीच काय, तमीळ-बंगाली नावांच्या माणसांनाही अडचण येणार नाही. इंग्रजीत लिहिले, आणखी कोणत्या भाषेत लिहिणार! खाली सही मात्र मराठीत केली. चार दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले. आमच्याकडे सगळ्यांची नावे इंग्रजीतच असतात त्यामुळे हे कधी लक्षात आले नाही, पुढच्या वेळी बघतो. ‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे ते त्याने लिहिले नव्हते. पत्राच्या वर त्याच्या यंत्राने माझी सही जशीच्या तशी, काना-मात्रेसह उतरवली होती.

जूनच्या मध्याला भावाचे प्लास्टर निघाले. पाऊस असा लागला होता, की मैदानावर जाणे शक्य नव्हते. तेव्हा तो बसूनच होता. आबांच्या लेखनाची वेळ सकाळी दहा ते बारा, त्याच्या खेळाची दुपारी. एक वाजला तरी आबा उठत नाहीत अशी त्याची तक्रार आहे. सध्या ते ‘ठ’ वर आहेत. ‘ठिगळ’ हा शब्द त्यांच्या संग्रहात बसत नाही, कारण तो सगळीकडेच बोलतात. पण त्याचा हा नवा अर्थ लिहून ठेवावा की नाही, यावर गेल्या आठवड्यात त्यांचा आणि आजीचा बराच वेळ वाद झाला.